खर्जाची निवड : ठाणे–कल्याण–डोंबिवली परिसराच्या संदर्भात मंद्र वाद्यांचा एक ऐतिहासिक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

संगीताचा इतिहास लिहिणाऱ्याचे लक्ष साहजिकच वरच्या स्वरांकडे जाते. गायकाची तान, सतारीची मींड, सनईची फेक यांविषयी आपल्या वाङ्मयात विपुल लेखन झालेले आहे. परंतु ज्या स्वरावर हा सारा डोलारा उभा राहतो त्या खर्जाविषयी स्वतंत्र विचार फारसा आढळत नाही. खर्ज ऐकू येतो तो बहुधा त्याच्या अभावाने. तंबोऱ्याची खर्जाची तार उतरली, म्हणजे मैफलीतील सामान्य श्रोत्यालाही काहीतरी ढासळल्याची जाणीव होते. ती जुळलेली असताना मात्र तिचे अस्तित्व कोणाच्या ध्यानातही येत नाही.

प्रस्तुत लेखात या उपेक्षित विषयाच्या एकाच अंगाचा विचार करावयाचा आहे. तो म्हणजे मंद्र स्वरासाठी कोणते वाद्य निवडावे, आणि त्या वाद्याच्या जोडीला कोणती साधने घ्यावीत, हा निर्णय वादक कशाच्या आधारे करीत आला. आज बेस गिटार शिकू पाहणारा डोंबिवलीचा किंवा ठाण्याचा विद्यार्थी हा प्रश्न केवळ खरेदीचा समजतो. तो तसा नाही. वादनशैली, जागा, प्रवास, खर्च आणि वीज या पाच गोष्टींच्या रेट्यातून ही निवड प्रत्येक पिढीत घडत आली असून, म्हणूनच ती इतिहासाच्या अभ्यासकाला साधन म्हणून उपयोगी पडणारी आहे. वाद्य हे वादकाच्या रुचीचा जितका पुरावा असते तितकाच त्याच्या परिस्थितीचाही असते.

ठाणे–कल्याण–डोंबिवली हा परिसर येथे मुद्दाम निवडला आहे. बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली व पुढील वर्षी मे महिन्यात ती कल्याणपर्यंत पोहोचली. तेव्हापासून हा प्रदेश मुंबईच्या रंगभूमीशी, आणि पुढे तेथील ध्वनिमुद्रणगृहांशी, रुळांनी बांधला गेला. शास्त्रीय संगीताची परंपराही येथे दृढ आहे. कल्याणचा गायन समाज आणि भास्करबुवा बखले यांच्या स्मरणार्थ तेथे होणारा देवगंधर्व महोत्सव, तसेच ठाण्यात वास्तव्य केलेले पं. राम मराठे (१९२४–१९८९) व त्यांच्या नावाने तेथे भरणारा संगीत समारोह ही त्याची ठळक उदाहरणे होत. त्याच परिसरात आगरी–कोळी समाजाचे लग्नसंगीत, बेंजो पथके, सार्वजनिक उत्सवांच्या मिरवणुका आणि चित्रपटगीतांचे वाद्यवृंदही नांदतात. मंद्र स्वराच्या इतक्या निरनिराळ्या गरजा एवढ्या लहान भूभागात एकत्र आलेल्या क्वचितच दिसतात.

२. तंबोरा आणि सतार : शैलीनुसार तारांची योजना

वाद्य आपल्या शैलीला अनुरूप करून घेण्याची कल्पना आपल्याकडे परदेशी वाद्यांबरोबर आलेली नाही. मिरज येथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये घडविण्यास प्रारंभ केल्यापासून त्या गावची कारागिरी गायकाच्या गळ्याकडे पाहूनच वाढली. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही त्या परंपरेची अलीकडील पावती होय. पुरुषी तंबोरा व जनानी तंबोरा हा भेद केवळ आकाराचा नाही. भोपळ्याचे पोट, तारेची लांबी व जाडी आणि जवारी ही सारी गायकाच्या षड्जानुसार ठरतात.

यातील गणित थोडे पाहण्याजोगे आहे. काळी एक हा ज्याचा षड्ज आहे अशा गायकाच्या तंबोऱ्यात खर्जाची पितळी तार सेकंदाला सुमारे ६९ आंदोलने करते. तारेची आंदोलनसंख्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात, ताणाच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात आणि एकक लांबीच्या वजनाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. अर्थात् स्वर खाली न्यावयाचा तर तार लांब करावी, सैल करावी किंवा जड करावी, याखेरीज चौथा मार्ग नाही. सैल केली तर स्वर डगमगतो. फार लांब केली तर वाद्य हाताळता येत नाही. फार जड केली तर ताठरपणामुळे तिचे उपस्वर बिघडतात. जगातील यच्चयावत् तंतुवाद्यांत मंद्र स्वराची निवड ही या तीन अडचणींमधील तडजोड असते.

तंबोऱ्यात आणखी एक गोष्ट घडते. जवारीच्या रुंद घोडीवर तार घासत कंप पावते आणि उपस्वरांची समृद्ध मालिका उत्पन्न करते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरील आपल्या निबंधात या घोडीचे वैशिष्ट्य शास्त्रीय भाषेत मांडले. मूळ स्वर क्षीण असला तरी त्याचे उपस्वर स्पष्ट असतील तर कान मूळ स्वर आपल्या पदरचा भरून घेतो. खर्जाचा हा धर्म लक्षात ठेवला पाहिजे, कारण बेस गिटारच्या तारा निवडताना तोच प्रश्न पुन्हा समोर येतो.

सतारीत शैली आणि साधन यांचा संबंध अधिकच स्पष्ट दिसतो. पं. रविशंकर यांच्या सतारीत खर्जाची जाड तार राखलेली असून अतिमंद्रातील आलापास ती उपयोगी पडते. उस्ताद विलायत खाँ यांनी गायकी अंगासाठी ही खालची तार काढून टाकली व गांधार–पंचमाची जुळणी स्वीकारली. दोघेही श्रेष्ठ वादक, वाद्य एकच, काळही एकच. तरी एकाने खर्ज ठेवला व दुसऱ्याने तो सोडला. यांपैकी कोणाची निवड योग्य हा प्रश्न निरर्थक आहे. आपल्याला काय वाजवावयाचे आहे हे दोघांनाही आधी ठाऊक होते, एवढेच त्यातून घ्यावयाचे. विस्तृत मंद्र आलापासाठी सुरबहार हे स्वतंत्र वाद्यच स्वीकारणाऱ्या आणि दीर्घकाळ मुंबईत राहिलेल्या अन्नपूर्णादेवी (१९२७–२०१८) यांचे उदाहरण या मालिकेतील तिसरे होय.

३. पायपेटी, ऑर्गन आणि डावा हात

संगीत नाटकाने मंद्र स्वराचा प्रश्न निराळ्या रीतीने उभा केला. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० मध्ये रंगभूमीवर आले व ‘सौभद्र’ १८८२ मध्ये. पुढे नाट्यगृहे मोठी झाली, प्रेक्षक वाढले आणि ध्वनिवर्धकाच्या अभावी सुराची साथ शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचविणे आवश्यक झाले. पायपेटी आणि पुढे ऑर्गन यांचा स्वीकार या गरजेतून झाला. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्यासारख्या वादकांनी पेटीला प्रतिष्ठा मिळवून दिली आणि बालगंधर्वांच्या गायनाशी तर ऑर्गनचा सूर कायमचा जोडला गेला.

येथे एक साधी पण महत्त्वाची गोष्ट नमूद केली पाहिजे. पायपेटीत व ऑर्गनमध्ये भाता पायांनी चालतो; त्यामुळे वादकाचे दोन्ही हात मोकळे राहतात आणि उजव्या हाताने गायकाची साथ करीत असता डाव्या हाताने खालचा षड्ज वा पंचम धरून ठेवता येतो. हातपेटीत डावा हात भात्यात अडकला. हातपेटी सुटसुटीत, स्वस्त व बैठकीला सोयीची. परंतु तिच्या प्रसाराबरोबर डाव्या हाताचा खर्ज नाहीसा झाला. त्याची भरपाई कारागिरांनी सुरांच्या पट्ट्यांनी केली. ‘खर्ज–नर’ किंवा ‘खर्ज–नर–मादी’ अशा जोडणीच्या पेटीत एकच पट्टी दाबली असता मूळ स्वराबरोबर त्याचा खालचा सप्तकही बोलतो. या जोडणीत आणि डाव्या हाताच्या खर्जात मात्र मोठे अंतर आहे. पायपेटीवरील खर्ज स्थिर राही व वरची चाल त्याच्यावर फिरे. हातपेटीतील खर्ज चालीच्या मागोमाग धावतो. पहिला आधार आहे, दुसरी केवळ छाया आहे. बेस गिटारचा वादक आजही या दोन भूमिकांमध्येच निवड करीत असतो.

आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके पेटीला साथीतून वगळले. पेटीचे ठरीव स्वर श्रुतींना व मींडेला पारखे आहेत, हा त्यामागील मुख्य आक्षेप होता. या वादाच्या तपशिलात येथे शिरावयाचे नाही. तथापि ‘ठरीव स्वर की मोकळा स्वर’ हा प्रश्न पडदे असलेल्या व पडदेविरहित बेस गिटारच्या संदर्भात पुन्हा उपस्थित होतो, हे ध्यानात ठेवावे.

४. डबल बेसकडून बेस गिटारकडे

मुंबईच्या चित्रपटसंगीतात पाश्चात्य वाद्यवृंदाचा प्रवेश झाला तो प्रामुख्याने गोमंतकीय वादकांच्या द्वारा. चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकलेले हे वादक हॉटेलांतील जॅझच्या वाद्यवृंदांतून ध्वनिमुद्रणगृहांत आले. अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२), सेबॅस्टियन डिसूझा (१९०६–१९९६), चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे अंतोनियो झेवियर वाझ (१९१६–१९६७) यांसारख्या संयोजकांनी भारतीय चालीखाली स्वरसंवादाची भूमी तयार केली. त्या भूमीचा तळ डबल बेस सांभाळत असे. माणसाच्या उंचीहून मोठे, उभ्याने वाजवावयाचे आणि हवामानाला हळवे असे हे वाद्य. ध्वनिमुद्रणगृहात ते सुखाने राहू शकते. गर्दीच्या वेळच्या कल्याण लोकलमध्ये ते चढविणे ही केवळ कल्पनाच होय.

अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली तीही अशाच अडचणींवर उपाय म्हणून. त्यापूर्वी १९३० च्या दशकात पॉल टुटमार्क यांनी असा प्रयत्न केला होता, परंतु तो रूढ झाला नाही. फेंडर यांचे वाद्य आडवे, गळ्यात अडकविण्याजोगे, पडदे असलेले व विजेवर बोलणारे होते. पडद्यांमुळे स्वर अचूक लागतो म्हणून त्याला ‘प्रिसिजन’ हे नाव मिळाले. तारेची लांबी ३४ इंच ठेवण्यात आली. डबल बेसच्या मानाने ती बरीच कमी, तरीही खालचा स्वर सैल न होईल इतकी पुरेशी. वजन सुमारे चार किलो. डबल बेस वाजविणाऱ्याला एकाएकी ढोल, तुतारी व विजेची गिटार यांच्या बरोबरीने ऐकू येणे शक्य झाले आणि वाद्य पाठीला लावून प्रवास करणेही शक्य झाले.

मुंबईत हे वाद्य १९६० च्या दशकापासून चित्रपटसंगीतात स्थिर होत गेले. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ आणि बेस गिटार, गिटार व ट्रान्झिकॉर्ड या वाद्यांवर हुकमत असलेले चरणजित सिंग (१९४०–२०१५) ही त्यांतील दोन महत्त्वाची नावे होत. १९७० नंतरच्या हिंदी चित्रपटगीतांत तबल्याच्या डग्ग्याने पूर्वी जे काम केले ते पुष्कळ ठिकाणी बेस गिटारने आपल्याकडे घेतले. गीत ऐकणाऱ्याला वादकाचे नाव मात्र कळत नसे. तबकड्यांच्या वेष्टनावर वादकांची नावे छापण्याची प्रथा नव्हती. या निनावी वादकवर्गाचा पद्धतशीर अभ्यास ग्रेगरी बूथ यांनी मुलाखतींच्या आधारे केला व तो २००८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. एका परदेशी अभ्यासकाने वादकांच्या घरी जाऊन जे केले ते आपल्या विद्यापीठांच्या दारापासून तासाभराच्या अंतरावर करण्याजोगे होते, ही गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे.

निवडीच्या इतिहासात आयातीच्या निर्बंधांचे स्थान मोठे आहे. परदेशी वाद्य परवान्याशिवाय वा भारी जकातीशिवाय मिळत नसे. मुंबईत १८६५ पासून चालत आलेल्या फुर्ताडो यांच्यासारख्या जुन्या दुकानांतूनही सर्व प्रकार सदैव उपलब्ध होते असे नव्हे. पुष्कळांना कलकत्त्याची देशी बनावटीची गिटार किंवा परदेशी गेलेल्या नातलगाने आणलेले वाद्य यांवरच भागवावे लागे. १९९१ च्या उदारीकरणानंतर, आणि विशेषतः २००१ मध्ये ग्राहकवस्तूंवरील संख्यात्मक निर्बंध उठल्यानंतर, ही स्थिती पालटली. म्हणून १९८० च्या आधीच्या एखाद्या वाद्यवृंदाचा बेस ‘जुनाट’ वाटला तर त्याचा अर्थ वादकाची रुची तशी होती असा काढणे धाडसाचे ठरेल. ज्याला एकच वाद्य मिळते त्याने निवड केली असे म्हणता येत नाही.

५. शैली आणि साधन : चार निकष

आज पर्याय मुबलक आहेत. त्यामुळे निवडीचे निकष स्पष्ट असणे अगत्याचे झाले आहे. ऐतिहासिक दाखल्यांवरून असे चार निकष मांडता येतात.

पहिला निकष पिकअपचा व मानेचा. प्रिसिजन बेसचा १९५७ पासूनचा दुभंगलेला पिकअप भरीव, एकसंध स्वर देतो. वाद्यवृंदाच्या गर्दीत तो आपली जागा सोडत नाही. १९६० मध्ये आलेल्या ‘जॅझ बेस’ची मान वरच्या टोकाला अधिक निमुळती असून तिला दोन पिकअप आहेत. घोडीजवळच्या पिकअपने स्वराला धार येते व चपळ वादन स्पष्ट ऐकू येते. चित्रपटगीतांच्या वाद्यवृंदात सारी संध्याकाळ साथ करणाऱ्याला पहिला प्रकार मानवतो. स्वतंत्र वादनाची हौस असणाऱ्याला दुसरा. जर्मनीच्या हॉफनर कंपनीचे व्हायोलिनच्या आकाराचे पोकळ वाद्य बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांच्यामुळे प्रसिद्धी पावले. त्याची तार ३० इंची. लहान हाताला ते सोयीचे, स्वर मऊ व लवकर विरणारा. भावगीताच्या हळुवार साथीला हा विरणारा स्वर उपकारक ठरतो, कारण शब्दांच्या मधल्या जागा तो मोकळ्या ठेवतो.

दुसरा निकष तारांचा. चपट्या वेष्टनाच्या तारा घुमारा देतात पण त्यांचे उपस्वर कमी. गोल वेष्टनाच्या तारा झणझणीत बोलतात. डेट्रॉइटचे जेम्स जेमर्सन (१९३६–१९८३) यांनी चपट्या तारांवर एका बोटाने जे वादन केले ते आजही आदर्श मानले जाते. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून इंग्लंडमध्ये गोल वेष्टनाच्या तारांचा आग्रह धरला गेला तो मोठ्या आवाजाच्या गिटारमधून बेस वेगळा ऐकू यावा म्हणून. येथे तंबोऱ्याच्या जवारीचे तत्त्व पुन्हा आठवावे. ज्या कर्ण्यातून ६० आंदोलनांखालचा स्वर धड निघतच नाही अशा लहान कर्ण्यावर वाजवावयाचे असेल, तर उपस्वरांनी समृद्ध असलेली तारच श्रोत्याच्या कानात खर्ज उभा करू शकते.

तिसरा निकष पडद्यांचा. १९७६ च्या आपल्या पहिल्या स्वतंत्र तबकडीत जॅको पास्टोरियस यांनी पडदेविरहित बेस गिटार किती गाऊ शकते हे दाखविले. हिंदुस्थानी रागाची साथ करू पाहणाऱ्या वादकाला ही वाट साहजिकच मोहविते. मींड, आंदोलन व कणस्वर तीवर सुलभ होतात. परंतु मोकळ्या स्वराची जबाबदारीही मोठी. खालच्या सप्तकातील किंचित् बेसूरपणा वरच्या सर्व स्वरांना बाधतो आणि तंबोऱ्यासमोर तर तो लपत नाही. ज्याचा कान तंबोऱ्यावर तयार झाला आहे त्याने पडदे सोडावेत. ज्याचा झाला नाही त्याने पडद्यांचा आधार घ्यावा आणि आधी कान तयार करावा, हेच परंपरेला धरून होईल.

चौथा निकष तारांच्या संख्येचा, आणि तो आपल्या गायकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा. चार तारांच्या बेस गिटारचा सर्वांत खालचा स्वर ४१.२ आंदोलनांचा असतो. काळी एकच्या गायकाचा खर्ज ६९ आंदोलनांचा धरला तर त्याखाली बेस गिटारला नऊ अर्धस्वर उरतात. म्हणजे ती अतिमंद्रातील कोमल गांधारापर्यंत उतरते, अतिमंद्र षड्जाला पोहोचत नाही. पाच तारांच्या वाद्याचा खालचा स्वर सुमारे ३१ आंदोलनांचा असल्याने ती अतिमंद्र षड्ज गाठते. गायिकेचा षड्ज काळी चार असेल तर ५२ आंदोलनांचा षड्ज चार तारांवरही मिळतो व पाचव्या तारेची निकड राहत नाही. यावरून असे दिसते की पाचवी तार घ्यावी की नाही हे फॅशनवर नव्हे तर ज्याची साथ करावयाची त्याच्या गळ्यावर ठरावे. मिरजेचा कारागीर तंबोरा करण्यापूर्वी गायकाची पट्टी विचारतो, त्यातील शहाणपण हेच.

यापुढे जाऊन एक तात्त्विक मर्यादाही सांगितली पाहिजे. पाश्चात्य संगीतात बेसचा स्वर बदलला की वरच्या त्याच स्वराचा अर्थ बदलतो. रागसंगीतात आधारस्वर अचल असतो आणि स्वराचा अर्थ त्या अचल षड्जाशी असलेल्या नात्यातून निघतो. म्हणून रागाच्या खाली फिरता बेस वाजविणे म्हणजे तंबोऱ्याशी वाद घालणे होय. उत्तम साधन घेऊनही पुष्कळ मिश्र प्रयोग फसतात ते याच ठिकाणी. पायपेटीच्या डाव्या हाताचा संयम ज्याने जाणला त्याला हा धोका टाळता येईल.

६. ध्वनिवर्धक, खोली आणि रस्ता

बेस गिटार हे अर्धेच वाद्य आहे. त्याचे दुसरे अर्धे म्हणजे ध्वनिवर्धक. ‘अँपेग’ कंपनीचा आरंभ एव्हरेट हल या डबल बेसवादकाने १९४० च्या दशकात वाद्याच्या खालच्या खुंटीत ध्वनिग्राहक बसवून केला. कंपनीचे नावही त्यावरूनच पडले. १९६० चा तिचा लहान ध्वनिवर्धक ध्वनिमुद्रणगृहांसाठी होता, तर १९६९ चा ३०० वॅटचा ध्वनिवर्धक खुल्या मैदानांसाठी. नऊ वर्षांतील हा फरक वादकाच्या शैलीत नव्हे, श्रोत्यांच्या संख्येत झालेल्या बदलाचा द्योतक आहे. मानवी कान खालच्या स्वरांना मंद असतो, हे फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रयोगाने दाखविले. त्यामुळे खर्ज वरच्या स्वराइतका ऐकू येण्यासाठी कित्येक पट अधिक शक्ती खर्चावी लागते.

घरच्या सरावासाठी नेमका उलटा विचार करावा लागतो. बेस गिटारच्या सर्वांत खालच्या स्वराची तरंगलांबी सुमारे ८.३ मीटर असते. डोंबिवलीच्या सदनिकेतील तीन मीटर लांबीच्या खोलीत पहिला उभा तरंग ५७ आंदोलनांच्या आसपास निर्माण होतो. त्या स्वराला खोली घुमते आणि शेजारचे स्वर पडल्यासारखे वाटतात. वादक अशा वेळी वाद्याला दोष देतो, वस्तुतः दोष खोलीचा असतो. शिवाय वारंवारता निम्मी झाली की भिंतीचा रोध सुमारे सहा डेसिबलने घटतो, म्हणून शेजाऱ्यापर्यंत सर्वप्रथम पोहोचतो तो खर्जच. लहान ध्वनिवर्धक व कानावरचे श्रवणयंत्र ही येथे काटकसर नसून विवेकाची निवड होय.

रस्त्यावर हाच प्रश्न सामाजिक रूप धारण करतो. बेंजो पथकांतील बेंजो हा मुळात १९१२ मध्ये जपानमध्ये गोरो मोरिता यांनी तयार केलेल्या ‘ताइशोगोतो’ या वाद्याचा भारतीय अवतार. त्याचा स्वर उंच व टोकदार; त्याखालचा भार ढोलांनी सांभाळावयाचा. ढोल हे श्रमाचे वाद्य. वादक थकला की तो थांबतो. कर्ण्यांच्या भिंती आल्या आणि खर्जाचा माणसाच्या श्रमाशी असलेला संबंध तुटला. ठाणे जिल्ह्यात उत्सवकाळात हा बदल तीव्रतेने जाणवला. ठाण्यातील एका डॉक्टरांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये दिलेला निकाल या संदर्भात महत्त्वाचा आहे. ध्वनिप्रदूषण नियमांची अंमलबजावणी ही शासनाची टाळता न येणारी जबाबदारी आहे, हा त्याचा आशय.

परंतु त्या नियमांत एक गोष्ट दडलेली आहे आणि ती संगीताच्या अभ्यासकानेच दाखवून द्यावयास हवी. २००० च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून ती ‘ए’ भारित मापनाने मोजली जाते. हे भारमापन मंद आवाजातील कानाच्या धर्मावर आधारलेले असल्यामुळे ६३ आंदोलनांच्या स्वरातून मापकयंत्र सुमारे २६ डेसिबल वजा करते. म्हणजे प्रत्यक्षात ९६ डेसिबलचा शुद्ध खर्ज यंत्रावर ७० भरतो. मोठ्या आवाजात मात्र कान खालच्या स्वरांना इतका मंद राहत नाही, आणि भिंतींचा रोधही तेथे कमी. परिणामी खिडक्यांची तावदाने थरथरत असताना यंत्र त्या मानाने सौम्य आकडा दाखवू शकते. ‘सी’ भारित मापनात ही वजावट जवळजवळ नाहीशी होते. दोन्ही मापने सोबत नोंदविण्याची पद्धत पडली तर नागरिकाची तक्रार आणि यंत्राचा आकडा यांमधील तफावत समजून घेणे सुलभ होईल.

७. समारोप

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. मंद्र वाद्याची निवड शैलीने ठरते हे खरे. परंतु शैलीला जागा, प्रवास, पैसा व वीज यांच्या मर्यादेतच वावरावे लागते. पायपेटी जाऊन हातपेटी आली ती सोयीसाठी, आणि तिच्याबरोबर डाव्या हाताचा खर्ज गेला. डबल बेस जाऊन बेस गिटार आली तीही सोयीसाठी, परंतु तिच्यामुळे खर्ज लोकलगाडीतून कल्याणपर्यंत पोहोचला. प्रत्येक निवडीत काही मिळाले व काही गमावले. त्याचा हिशेब मांडणे हेच इतिहासाचे काम आहे.

या हिशेबाची साधने आपल्या परिसरात आजही विखुरलेली आहेत : वाद्यवृंदांच्या जाहिराती व हस्तपत्रिका, दुकानांच्या पावत्या, वादकांच्या वह्यांतील स्वरलेखन, दुरुस्तीच्या खुणा अंगावर बाळगणारी जुनी वाद्ये आणि स्वतः वादक. १९६० व १९७० च्या दशकांत उमेदवारी केलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आणि ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून या प्रदेशाचे छापील धन जपत आहेत. त्यांच्या शेजारी अशा वादकांच्या ध्वनिमुद्रित मुलाखतींना व कागदपत्रांना स्थान मिळणे अवघड नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रत्येकी एका वादकाकडे जाऊन पाच साधे प्रश्न विचारावेत : कोणते वाद्य वाजविले, ते कोठून मिळाले, कितीला पडले, कोठे वाजविले आणि ते तेथवर कसे नेले. कोणाचा स्वर श्रेष्ठ हा प्रश्न त्यांत नसावा. या पाच उत्तरांतून जो इतिहास उभा राहील त्यात गायकांच्या नावांखाली आजवर रिकाम्या राहिलेल्या ओळी भरून निघतील.